भोंगेवाल्या खासदाराचं मौन

बँकॉकपासून लांब, आमच्या बांग तान गावात दिवस उजाडायचा तो सवेंगदादांच्या भोंग्याने. जुनाट पिकअप, टपावर दोन भोंगे, आत स्टिअरिंगला सुतळीने बांधलेला माइक आणि माइकमागे सवेंगदादा. देवळाची जत्रा असो, नामप्लाच्या, म्हणजे माशांच्या खारट रसाच्या, बाटल्यांची नवी खेप असो, हरवलेली म्हैस असो की कुणाचं मयत असो, दादांच्या तोंडून सगळं सारखंच गोड लागायचं. मयताची वेळ ऐकूनसुद्धा माणसाला वाटायचं, जाऊन यावं, काहीतरी चांगलं असणार.

निवडणूक लागली की सगळे पक्ष त्यांच्याच दारात. सकाळी एका पक्षाचा ‘गरिबांचा कैवारी’, दुपारी दुसऱ्याचा ‘गरिबांचा खरा कैवारी’. दादांना त्यात काही वावगं वाटत नसे. रिक्षावाला सगळ्यांनाच नेतो की, म्हणायचे. बायको लामयायवहिनी दारातच केळी भाजायला बसायच्या. गाडी सुरू झाली की निखाऱ्यावर वारा घालत रोज विचारायच्या, “आज कुणाचा आवाज हो?” दादा सांगायचे, आज मच्छरदाणीवाल्याचा, आज पाटबंधाऱ्याचा. वहिनी मान हलवायच्या आणि केळं उलटायच्या.

घरात एकच गोष्ट बिनसलेली होती, आणि ती होती मेहुणी अनोंग. वहिनींची धाकटी बहीण, शाळेत मास्तरीण, शेजारच्याच घरात एकटी राहायची आणि दोन्ही वेळेला बहिणीकडे जेवायची. पाच वर्षांपूर्वी लष्कराने राज्य हातात घेतलं तेव्हा एक कोवळा कॅप्टन दादांच्या गाडीपाशी आला आणि त्याने वाचायला कागद दिला. पाच माणसांच्या वर जमू नये, आणि पुढील व्यक्तींनी समजूत घालून घेण्यासाठी छावणीत हजर व्हावं. दादांनी कागद हातात घेतला आणि नेहमीच्या सुरात वाचत सुटले. तिसरं नाव अनोंगचं होतं. शाळेत कुणा पोराने विचारलं, बाई, सरकार असं बदलतात का, आणि ती म्हणाली, नाही रे बाळा. तेवढाच तिचा गुन्हा. दादांनी स्वतःच्या मेहुणीचं नाव नामप्लाच्या गोडव्याने गल्लीत फिरवलं आणि दुसऱ्या फेरीला पुन्हा वाचलं. ती छावणीतून आठवड्याने परतली, तेव्हापासून दादांशी एक अक्षर बोललेली नाही. जेवायला समोरासमोर बसायची आणि म्हणायची, “ताई, त्यांना सांग, मिरचीची वाटी इकडे सरकवा.” दादा वाटी सरकवायचे. दिवसभर गावाशी बोलणारा माणूस ताटावर खाली मान घालून जेवायचा. फार लागलं होतं त्यांना ते. पण सांगणार कुणाला, आणि कुठल्या तोंडाने?

मग लष्कराने एकदाची निवडणूक जाहीर केली, आणि आमच्या ताडगुळाच्या व्यापाऱ्याला, हुआतशेठला, पक्ष काढायची हुक्की आली. नाव ‘ताडगूळ जनशक्ती’. यादीत नावं कमी पडत होती म्हणून शेठने दादांना दोन नंबरला घातलं. “अरे, निवडून कोण येतंय? तुझा भोंगा फुकटात मिळेल, बाकी काय!” शेठ मनातलं बोलून गेला. पुढे शेठचंच नाव बाद झालं. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यात त्याची भागी निघाली, आणि वृत्तपत्रं छापणाऱ्यांना उभं राहता येत नाही असा नियम होता. शेठने कपाळ बडवलं, अहो, मी लग्नाच्या पत्रिका छापतो! पण निवडणूक कचेरीतले साहेब म्हणाले, छापणं ते छापणं. मग भोंग्याच्या गाडीचं काय, असं कुणीतरी खोडसाळपणे विचारलंच. त्यावर बराच खल झाला आणि गाडी ही गाडीच आहे असं ठरलं. अशा रीतीने सवेंगदादा पक्षात एक नंबरला आले.

प्रचारात दादा पहिल्यांदाच स्वतःसाठी बोलत होते, आणि काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं. मग एका संध्याकाळी स्वतःच्याच गल्लीत, अनोंगचं दार उघडं दिसल्यावर, ते माइकवर म्हणून गेले, “मला मत द्या. वर्दीवाल्याच्या बाजूने मी हात वर करणार नाही.” दार काही बंद झालं नाही. दादांना तेवढंही पुष्कळ होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी शेठ त्यांना कालव्याकाठच्या साय थोंग माईच्या ठाण्यावर घेऊन गेला. माई मोठी जागृत. नवस फळला की कुणी मातीचे झेब्रे वाहतं, कुणी उकडलेली अंडी, कुणी नाच. एरवी तिला लागतं ते फक्त लाल सरबत, बाटली उघडून, आत नळी घालून. नळी विसरलात की माई तोंड लावत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. शेठने झेब्रे कबूल केले. दादांनी हात जोडले. निवडून येणार नाही याची खात्री असल्यामुळे त्यांचा हात भलताच सैल सुटला. “माई, मी खासदार झालो तर त्या घडीपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. माझ्याकडे आवाजाशिवाय दुसरं आहे काय? तोच तुला!”

गाडी ठाण्यासमोर उभी होती. प्रचारासाठी कॉलरला लावलेला छोटा माइक चालू होता. हा नवस माईच्या आधी पलीकडच्या तीरावरच्या कोळणींनी ऐकला.

लामयायवहिनींनीही ऐकला. त्या झाकपाक करून तडक ठाण्यावर गेल्या आणि उलटा नवस बोलल्या, “माई, हा माणूस पडू दे आणि घरी राहू दे. मी स्वतः तुझ्यापुढे नाचेन.” भाड्याच्या नाचणाऱ्या मिळत होत्या, पण वहिनींचं देणंघेणं रोखठोक.

निकाल लागला. दादा पडले. देशभरातून पक्षाला मूठभर मतं मिळाली होती, तेवढ्यावर कुणी निवडून येत नाही. वहिनींनी दुखरा गुडघा बांधला, डोक्यावर चमचमता मुकुट चढवला आणि माईपुढे नाचल्या. सगळं गाव बघायला लोटलं. पण तिकडे बँकॉकमध्ये निकाल काही एका जागी बसेना. मोजणी थांबायची, पुन्हा सुरू व्हायची, हरलेले आरडाओरडा करायचे, जिंकलेलेही करायचे. मग मोजणीवाल्यांनी जागा वाटण्याचं नवंच गणित काढलं. ते कुणालाच कळलं नाही, पण उत्तरात असं निघालं की मूठभर मतं मिळालेल्या पक्षांनाही एकेक जागा द्यायची.

दादा तेव्हा गाडीत नामप्लाची जाहिरात करत होते. “बायांनो, तीन बाटल्या घ्या आणि चौथी बाटली...” एवढ्यात शेठ धापा टाकत गाडीला आडवा आला. “सवेंग! खासदार झालास रे! गप्प बस! नवस!” दादांचं तोंड तिथल्या तिथे मिटलं. चौथ्या बाटलीचं काय, हे गावाला कळलंच नाही. दुकानात त्यावरून भांडणं झाली.

लामयायवहिनी रागाने ठाण्यावर गेल्या. “हे काय गं माई? माझा नाच घेतलास आणि याला खासदारही केलंस? दोन्हीकडून खातेस? आता याला परत आणून दे, मी पुन्हा नाचेन, नाहीतर मागचा नाच परत कर!”

खासदार मुका आहे ही बातमी बँकॉकला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी कर्नल प्रसोंग आले. निवृत्त, आता स्वतःही खासदार, केस काळे केलेले, बोलणं लोण्यासारखं. लष्कराच्या मर्जीतला पक्ष, पाच वर्षांपूर्वी राज्य हातात घेतलेल्या जनरलसाहेबांनाच पंतप्रधान करू पाहत होता. लष्कराने नेमलेले, मताचा हक्क असलेले सिनेटर पोत्याने होते, त्यामुळे निवड होणारच होती. पण पुढे राज्य चालवायचं तर निवडून आलेल्यांतही बहुमत हवं, आणि ते काठावर लटकलेलं. म्हणून कर्नल एकेका जागेचे पक्ष गोळा करत गावोगाव हिंडत होते. पेढीवर बसावं तसे ते केळ्यांच्या शेगडीपाशी बसले.

“खासदारसाहेब, देशाला स्थैर्य हवंय. तुमचा पक्ष आमच्याबरोबर असेल ना?”

दादांनी दोन्ही हात हलवले, मग छातीवर ठेवले, मग आकाशाकडे केले. त्यांना म्हणायचं होतं की विचार करायला वेळ द्या, माझी मनःस्थिती ठीक नाही.

“ते म्हणतात,” वहिनींनी सांगितलं, “तुम्ही पाच वर्षं स्थैर्यच दिलंत, आमचा कालवासुद्धा जागचा हलला नाही. गाळ तसाच आहे.”

दादांनी डोळे मोठे केले.

“आणि म्हणतात, केळं घेतलंत त्याची साल रस्त्यावर टाकू नका.”

कर्नल हसले. “वहिनी, ते एवढं सगळं म्हणाले?”

“तीस वर्षं संसार केलाय. न बोलता काय म्हणतात तेवढंच खरं, बोलून म्हणतात ते सगळं भाड्याचं.”

आतून अनोंग म्हणाली, “ताई, त्यांना विचार, हो म्हणायचा विचार आहे की काय?” कर्नलांना वाटलं आपल्यालाच विचारतेय. पण दादांना कळलं. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात हो की नाही, काहीच नव्हतं. नवस आड आला याचाच त्यांना आनंद होता. पंतप्रधान निवडायचं मतदान पौर्णिमेच्या आधी होतं, तिथे नाव पुकारलं की उठून मोठ्याने सांगायचं असतं. आपण गप्प राहू. वर्दीला हो नाही, नाहीपण नाही. माईची आज्ञा, आपला काय इलाज!

कर्नल कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते पुन्हा आले आणि बँकॉकहून अंगात येणारी एक बाई घेऊन आले. रेशमी वस्त्रं, नखं लालभडक. ठाण्यासमोर सगळं गाव जमलं. बाई घुमू लागली, “मी साय थोंग! मी भक्ताला मौनातून मोकळं करते! मला शंभर डुकरांची मुंडकी पुरे!”

लोकांनी हात जोडले. दादांनीही जोडले. लामयायवहिनींनी मात्र शांतपणे लाल सरबताची बाटली उघडली, नळी बाजूला ठेवली आणि नुसती बाटली पुढे केली. “माई, दमलीस गं. घे.”

बाईने बाटली तोंडाला लावून घटाघटा संपवली.

मग पलीकडच्या तीरावरून एक कोळीण ओरडली, “अगं बाई, नळीशिवाय!” हशा असा उठला की ठाण्यामागची बदकं पाण्यात पडली. बाई घाईघाईने भानावर आली आणि गाडीत जाऊन बसली.

कर्नलांचा लोण्यासारखा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. जाताना त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. “खासदारसाहेब, एका मतदारसंघात फेरमतदान आहे. आकडे अजून हलतात. ज्या गणिताने तुम्ही आत आलात, त्याच गणिताने बाहेरही जाल. आणि आवाजाची काळजी करू नका, आम्ही सोय करतो.”

सोय काय ती दादांना बँकॉकला गेल्यावर कळली. तिथे एका हॉटेलात एकेका जागेच्या पक्षांची बैठक होती. एका टेबलाभोवती दहा माणसं, दहाही पक्षाध्यक्ष. कुणी निवृत्त रेल्वेवाल्यांचा, कुणी झुंजीच्या कोंबड्यांच्या रक्षणाचा. जो तो उठून म्हणत होता, “आमच्या पक्षात एकमत आहे.” फक्त कोंबडेवाल्याच्या पक्षात फूट होती, कारण त्याची बायको सरचिटणीस होती आणि ती सकाळपासून फोन उचलत नव्हती. सगळ्यांनी हातात हात घालून फोटो काढला. कर्नलांनी मग जाहीर केलं, की ज्या सदस्याला बोलता येत नाही त्याने नुसती मान हलवली तरी चालेल, सभापतींनी तशी परवानगी दिलेली आहे. कोंबडेवाल्याने दादांची पाठ थोपटली, “बघ, तुझ्या एकट्यासाठी नियम केला! काय मान आहे!”

मान होतीच, आणि आता तीच हलवायची होती. दादांना जेवण गेलं नाही. लपायला जी जागा होती ती गेली. मान खाली की मान आडवी, दोन्ही माईच्या नवसात बसत होतं. हो म्हटलं तर खासदारकी राहील, गावात लोक साहेब म्हणतील, आणि मिरचीची वाटी मरेपर्यंत ताईमार्फत सरकेल. नाही म्हटलं तर आकडे हलतील. आपण आयुष्यात कुणाला नाही म्हटलंय का, हे ते आठवू लागले. मच्छरदाणीवाल्याला नाही, पाटबंधाऱ्याला नाही, त्या पोरगेल्या कॅप्टनलाही नाही. त्याच्या मिशासुद्धा धड फुटल्या नव्हत्या!

सभागृहात थंडी अशी की दात वाजावेत. दादांच्या अंगात हुआतशेठचा पांढरा सूट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. नावं पुकारली जात होती. एकेक उठत होता, नाव घेत होता, बसत होता. रेल्वेवाल्याने जनरलसाहेबांचं नाव घेतलं, कोंबडेवाल्याने घेतलं. घरी बांग तानात देवळाच्या पडवीत टीव्ही लावला होता. वहिनींनी शेगडी तिथेच आणली होती, आणि अनोंगही शाळा अर्ध्यावर सोडून आली होती.

“ताडगूळ जनशक्ती, माननीय सवेंग!” सभापती म्हणाले, “आपण मान हलवली तरी चालेल.”

दादा उठले. पुढच्या बाकावरून कर्नल वळून हसले. शिपायाने तत्परतेने माइक दादांच्या तोंडापुढे आणला आणि त्याची कळ दाबली. लाल दिवा लागला.

इथे सांगतो, दादांनी मुद्दाम काही केलं नाही. तीस वर्षांची सवय ती. माइकचा दिवा लागला की हात आपसूक वर जायचा. दादांनी बोटाने माइकवर टकटक केलं आणि त्या सुप्रसिद्ध गोड आवाजात म्हणाले, “हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन, हॅलो!”

सगळं सभागृह खो खो हसत सुटलं. सभापतींनी चष्मा काढून पुसला. इकडे पडवीत लामयायवहिनींच्या हातातलं केळं निखाऱ्यात पडलं. “मेला गं माई! नवस मोडला!”

“सदस्यांचा आवाज परत आलेला दिसतो,” सभापती म्हणाले. “आता बोलूनच सांगा.”

दादा उभेच. नवस मोडला, आता माई काय करील ते करील. पण माइक चालू होता, देश ऐकत होता, आणि हातात कुणी दिलेला कागद नव्हता. त्यांनी सवयीने कागदासाठी खिसा चाचपला, तोही शेठचा निघाला. त्यात फक्त एक दात कोरायची काडी होती. मग जो आवाज निघाला तो चिरका होता.

“जनरलसाहेबांना... नाही.” आणि मग घाबरून, “नाही म्हणजे नाहीच,” असं म्हणून ते मटकन बसले.

जनरलसाहेब पंतप्रधान झाले. पोत्यातले सिनेटर होतेच. दादांच्या नकाराने कुणाचा केसही वाकडा झाला नाही. थोड्याच दिवसांत त्या एका मतदारसंघात फेरमतदान झालं, आकडे हलले, गणिताचं उत्तर नव्याने निघालं, आणि त्यात ताडगूळ जनशक्तीची जागा नव्हती. कोंबडेवाला मात्र राहिला, ऐकतो की उपमंत्र्याचा सल्लागार झाला.

दादा बसने घरी आले. थंडीने घसा पार बसला होता. गावाने ठरवून टाकलं की माईने आवाज काढून घेतला. दादांनाही तसंच वाटत होतं. ते सरळ ठाण्यावर गेले. तिथे कौल लावायच्या दोन लाकडी चंद्रकोरी असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक उताणी एक पालथी पडली तर माईचा हो, दोन्ही पालथ्या तर नाही, आणि दोन्ही उताण्या पडल्या तर माई हसली असं समजायचं. दादांनी मनात विचारलं, माई, शिक्षा देणार का? चंद्रकोरी टाकल्या. दोन्ही उताण्या. उरलेलं मौन आता पाळू का? दोन्ही उताण्या. पुन्हा टाकल्या, तरी तेच.

“पुरे आता,” मागून वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावर तो चमचमता मुकुट होता, गुडघा बांधलेला होता. नवरा घरी परत आला होता, नाचाचं देणं नव्याने उभं राहिलं होतं. “हसतेय ती. हसू दे. तिला तरी कुठे रोज असलं बघायला मिळतं? सरका बाजूला, मला नाचायचंय.”

दादा सरकले. नाच संपेपर्यंत बसले, मग दोघं हळूहळू घरी आली. अनोंगने पानं मांडली होती. भात, तळलेली मासळी, मिरची. तिघं जेवायला बसली. दादांनी सवयीने मान खाली घातली. मिरचीची वाटी त्यांच्या उजव्या हाताला होती. आता ‘ताई, त्यांना सांग’ येईल म्हणून ते वाट बघत राहिले.

अनोंगने घास घेतला, चावला, गिळला. मग त्यांच्याकडे बघून मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, “दाजी, ‘हॅलो हॅलो’ काय करत होतात हो तिथे? अख्ख्या देशापुढे? माझी पोरं वर्गात आठवडाभर तेच करताहेत.”

दादांनी तोंड उघडलं. बसलेल्या घशातून काहीच बाहेर येईना. डोळे मात्र भरून आले.

“ते म्हणतात,” वहिनी सांगायला लागल्या.

“तू नको सांगूस, ताई,” अनोंग म्हणाली. “दाजी, मिरची द्या इकडे.”